बॅकअप होता हो, पण परत काय आलं?

गोदाकाठी | रविवार, रात्री १०.४२

मागच्या मंगळवारची गोष्ट. संध्याकाळी वारा सुटला आणि आमच्या इंदिरानगरात लाईट दोनदा गेली-आली. तिसऱ्यांदा आली तेव्हा कॉम्प्युटर चालू झाला, पण विंडोजपर्यंत काही पोचेना. काळ्या पडद्यावर पांढरी अक्षरं आणि डब्यातून आवाज. टक्, टक्, टक्, मग शांत, मग पुन्हा टक्.

मी घाबरलो नाही. टेबलाच्या खणात १ टीबीची एक्स्टर्नल डिस्क होती आणि विंडोजची फाइल हिस्टरी (फायलींच्या प्रती आपोआप ठेवणारी सोय) मी स्वतः चालू करून ठेवली होती. बायकोला ऐटीत म्हणालोसुद्धा, "बॅकअप आहे गं, काळजी नको." ते वाक्य आता आमच्या घरात म्हणीसारखं वापरात आहे. दूध उतू गेलं तरी ऐकावं लागतं, "असू दे, बॅकअप आहे ना?"

दुसऱ्या दिवशी भाच्याचा लॅपटॉप आणून डिस्क जोडली. शेवटची प्रत गेल्या वर्षीच्या फेब्रुवारीतली! मग आठवलं. लग्नाचे फोटो टीव्हीवर दाखवायला डिस्क सासरी नेली होती, आणून खणात ठेवली ती परत जोडलीच नाही. "ड्राइव्ह पुन्हा जोडा" असा निरोप कोपऱ्यात येत असे. मी तो रोज फुली मारून घालवत होतो.

एवढ्यावर भागलं असतं तर धागा काढला नसता. वडिलांचं सगळं लिखाण डी ड्राइव्हवर होतं. कॉम्प्युटर जोडून देणाऱ्याने तेव्हा बजावलं होतं, "डेस्कटॉपवर काही ठेवू नका, सगळं डीला टाका. विंडोज उडालं तरी डी शाबूत राहतं." आम्ही ते वेदवाक्य मानलं. आता बॅकअप उघडून बघतो तर त्यात डी नावाचं काही नाहीच.

वडील पंचवटीतल्या शाळेत मराठी शिकवायचे. निवृत्तीनंतर गोदाकाठच्या आठवणी लिहीत होते. १९६९चा पूर, जुन्या वाड्यांतले भाडेकरू, असं बरंच. श्रीलिपीत (मराठी टायपिंगचं जुनं सॉफ्टवेअर), एका बोटाने टाइप करत. त्यांना जाऊन दोन वर्षं झाली.

आता काय करू?

चिवडाप्रिय

वाचून पोटात गोळा आला. मीही "सगळं डीला" पंथाचाच. थांबा, जाणकार येतीलच.

रात्रपाळी | रविवार, रात्री ११.२०

आधी ती डिस्क बंद करा. वीज काढा. पुढचं नंतर वाचा.

टकटक येते ती बहुधा हेडची. तबकडीवरून वाचणारं हेड जागा शोधतं, सापडत नाही, परत मूळ जागी येतं, पुन्हा जातं. अशा वेळी डिस्क जितक्या वेळा चालू कराल तितक्या वेळा तबकडीवर ओरखडे पडायची शक्यता. फ्रिजमध्ये ठेवणं, थापट्या मारणं, असले नेटवरचे उद्योग करू नका. फ्रिजमधून काढल्यावर आत दव धरतं, मग उरलंसुरलंही जातं. अशी डिस्क घरी उघडायची नसते, ते काम स्वच्छ खोली असलेल्या लॅबचं.

आवाज नसता आणि डिस्क नुसती अडखळत असती, तर वेगळं सांगितलं असतं. लिनक्सचा पेनड्राइव्ह लावून डीडीरेस्क्यू या प्रोग्रॅमने अख्ख्या डिस्कची प्रतिमा, म्हणजे हुबेहूब प्रत, दुसऱ्या मोठ्या डिस्कवर घ्यायची आणि मग त्या प्रतिमेवर टेस्टडिस्क किंवा फोटोरेक हे हरवलेल्या फायली शोधणारं काहीतरी चालवायचं. दोन्ही फुकट आहेत. मूळ डिस्कवर काहीही लिहायचं नाही.

चालू करून किती वेळा बघितलंत?

गोदाकाठी

सहा-सात वेळा. 😔 शिवाय एकदा थोडी चालली, तेव्हा भाच्याने ती लॅपटॉपला लावून चेकडिस्क चालवलं. "एरर दुरुस्त करतो" म्हणाला.

रात्रपाळी

भाच्याला चहा पाजा आणि घरी पाठवा.

चेकडिस्क हे फाइलसिस्टीमची हिशेबवही जुळवणारं आहे, तुमच्या फायली वाचवणारं नाही. ताळा जुळत नाही तिथे ते नोंद तोडतं आणि उरलेले तुकडे वेगळ्या फोल्डरात टाकतं. मरायला टेकलेल्या डिस्कवर ते चालवायचं नसतं. असो, झालं ते झालं. पुण्या-मुंबईला लॅब आहेत. आधी तपासणी आणि लेखी अंदाज मागा, "डेटा नाही निघाला तर पैसे नाहीत" असं म्हणणारी बघा.

आणि सी-डीचं. सी आणि डी या दोन डिस्क नव्हेत, एकाच डिस्कच्या दोन खोल्या आहेत, मध्ये भिंत. विंडोज नव्याने टाकताना सी पुसतात आणि डी राहतं, एवढ्यापुरता त्या माणसाचा सल्ला बरोबर होता. पण वाडाच पडला तर कुठल्या खोलीत झोपला होतात याने काय फरक पडतो?

चिवडाप्रिय

वाड्याची उपमा नाशिककराला बरोबर लागली. वाखूसा (वाचनखूण साठवली).

मग सरळ एसएसडी, ती बिनतबकडीची चिपवाली डिस्क, घेतली तर? टकटकच नाही.

रात्रपाळी

टकटक नाही, तसा इशाराही नाही. काल चालत होती, आज दिसतच नाही, असं होतं. शिवाय हार्डडिस्कवर फाइल डिलीट केली की फक्त तिची नोंद जाते, मजकूर वर दुसरं काही लिहिलं जाईपर्यंत तिथेच पडलेला असतो, म्हणून तो काढता येतो. एसएसडीत ट्रिम नावाची सोय असते. डिलीट झालेली जागा ती स्वतःहून मोकळी करून टाकते, मग काढायला काही उरतच नाही. कामाला एसएसडी उत्तम. वेग बघून डोळे दिपतात. पण ती घेतली म्हणजे बॅकअप नको, हे मात्र उलटं आहे.

लेखणी_ताई | सोमवार, सकाळी ९.०५

मला एक कळत नाही, २०२५ उलटून गेलं तरी लोक खणात डिस्क कशाला ठेवतात? माझं सगळं गूगल ड्राइव्हला आहे. लॅपटॉपवर लिहिलं की फोनवर दिसतं. झाला बॅकअप.

सातपूरकर

ताई, लॅपटॉपवर खोडलं की फोनवरही खोडलं जातं, ते?

लेखणी_ताई

कचरापेटीत असतं की.

सातपूरकर

३० दिवस. एकतिसाव्या दिवशी आठवण झाली तर?

आमच्या इथल्या एका छोट्या वर्कशॉपची गोष्ट सांगतो, नाव नको. कॅडची ड्रॉइंगं, कोटेशनं, सगळं एका पीसीवर. बॅकअपची डिस्क पीसीला कायम लावलेली, कारण "काढायला विसरायला नको". एका मेलमधलं बिल उघडलं आणि तासाभरात सगळ्या फायलींची शेपटी बदलली. खंडणीची चिठ्ठी डेस्कटॉपवर. पीसीला जे जे जोडलेलं होतं ते सगळं कुलूपबंद, बॅकअपची डिस्कसुद्धा. ही रॅन्समवेअरं विंडोज स्वतः ठेवतं त्या शॅडो कॉपीही आधी पुसतात. मे २०१७मध्ये वॉनाक्राय आलं तेव्हा दीडशेच्या आसपास देशांत हे एका फटक्यात झालं होतं. त्याआधी दोन महिन्यांपूर्वीच त्यावरचं विंडोज अपडेट आलेलं होतं, लोकांनी टाकलं नव्हतं एवढंच.

तर डिस्क लावा, बॅकअप होऊ द्या, काढून ठेवा. गोदाकाठी यांनी काढून ठेवली इतपत बरोबर केलं, परत लावायची राहिली!

गोदाकाठी

दोन्हीकडून मार. 🙏

लेखणी_ताई

ठीक आहे, मुद्दा पोचला. पण ढगाला, म्हणजे क्लाउडला, नावं ठेवू नका. माझा लॅपटॉप उद्या चोरीला गेला तर मी संध्याकाळी दुसऱ्यावर काम करत असेन, तुम्ही पोलिसांत बसलेले असाल. फक्त फुकटात गूगलचे १५ जीबी आणि वनड्राइव्हचे ५ जीबी. माझ्यासारख्या मजकुरवाल्यांना पुष्कळ, फोटोवाल्यांचं दिवाळीच्या आत संपतं.

जुनाखोड | सोमवार, दुपारी १.३०

मुलांनो, थोडं अवांतर. आपल्याकडे त्र्यंबकेश्वरला आणि नाशकात क्षेत्रोपाध्यांकडे घराण्यांच्या वंशावळींच्या चोपड्या असतात. गाव आणि आडनाव सांगितलं की गुरुजी बाड काढतात. माझ्या आजोबांची मोडीतली सही मी अशीच पाहिली. चोपडी जीर्ण झाली की नवीत उतरवून काढतात, आणि उतरवताना ती वाचावी लागते. अक्षर लागलं नाही, पान फाटलं, हे त्याच वेळी कळतं.

माझ्याकडे २००४ सालच्या २२ सीडी आहेत, नातवंडांचे फोटो. दरवर्षी पुसून कपाटात ठेवायचो. मागच्या महिन्यात लावून बघितल्या, नऊ उघडल्या नाहीत. वीस वर्षं मी त्या पुसल्या, वाचली एकही नाही.

रात्रपाळी

काका, याला अवांतर म्हणू नका, धाग्याचा मुद्दाच तुम्ही सांगितलात. सगळे "बॅकअप घेता का?" विचारतात. "शेवटचं परत कधी आणून बघितलंत?" हे कोणी विचारत नाही.

उरलेल्या तेरा सीडी या आठवड्यातच हार्डडिस्कवर उतरवून घ्या. न उघडणाऱ्या दुसऱ्या ड्राइव्हमध्ये लावून बघा, एखादा जुना ड्राइव्ह वाचून जातो.

टॅलीवाला

टॅली वापरणाऱ्यांसाठी. टॅलीप्राइमचा डेटा डॉक्युमेंट्समध्ये नसतो. मुद्दाम बदललं नसेल तर सी ड्राइव्हवर युझर्स, त्यात पब्लिक, त्यात टॅलीप्राइम, त्यात डेटा. आत आकड्यांच्या नावाची फोल्डरं, एकेक कंपनी. फाइल हिस्टरी तिकडे बघत नाही. ऑल्ट आणि वाय दाबून टॅलीतूनच बॅकअप घ्या.

रिस्टोअर मात्र चालू डेटाच्या जागी करायचं नाही. वेगळं फोल्डर करा, तिथे रिस्टोअर करा, ट्रायल बॅलन्स जुळतो का बघा. आमच्याकडे एकाने मार्चएण्डला जुना बॅकअप चालू कंपनीवर ओतला. तीन आठवड्यांच्या एंट्र्या पुन्हा मारल्या सगळ्यांनी बसून.

गोदाकाठी | सोमवार, रात्री ९.१५

डिस्क आज कुरियरने पुण्याच्या एका लॅबला पाठवली. बघू.

तोवर सीवरच्या ज्या फायली बॅकअपमध्ये आहेत त्या काढतोय, तर वेगळाच घोळ. प्रत्येक फाइलच्या नावापुढे कंसात तारीख, वेळ आणि यूटीसी असं शेपूट. एकेका फाइलच्या दहा-दहा प्रती. आणि वेळही चुकीची! मी रात्री नऊला केलेल्या कामावर दुपारचे साडेतीन.

रात्रपाळी

वेळ बरोबर आहे, ती ग्रिनिचची. साडेपाच तास मिळवा.

दहा प्रती हीच तर गंमत आहे. फाइल हिस्टरी मुळात दर तासाला बदललेल्या फायलींची नवी प्रत ठेवते, म्हणून बिघडण्याच्या आधीची फाइलही मिळते. पण डिस्कवरच्या फोल्डरात शिरून हाताने कॉपी करू नका, वेडे व्हाल. नव्या पीसीवर कंट्रोल पॅनेलमधून फाइल हिस्टरी उघडा, तीच डिस्क निवडा, या डिस्कवरचा आधीचा बॅकअप वापरायचा आहे असं सांगा. मग "रिस्टोअर पर्सनल फाइल्स"मध्ये तारखेनुसार मागे-पुढे जाता येतं आणि फायली मूळ नावाने येतात. जागेवर ओतायच्या ऐवजी वेगळ्या फोल्डरात आणा, टॅलीवाले म्हणाले तेच. हा रस्ता बंद निघाला तरच हाताने.

तुमचं डी का सुटलं तेही सांगतो. फाइल हिस्टरी फक्त युझरची ठरलेली फोल्डरं घेते: डॉक्युमेंट्स, पिक्चर्स, डेस्कटॉप वगैरे. डीवरचं फोल्डर हवं तर ते आधी विंडोजच्या एखाद्या लायब्ररीत (अनेक फोल्डरं एकत्र दाखवणारी यादी) घालावं लागतं. विंडोज १०मध्ये सेटिंग्जमधून सरळ फोल्डर जोडता यायचं, पण त्याचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ला संपला. ११मध्ये कंट्रोल पॅनेल आणि लायब्ररीचाच रस्ता.

द्राक्षबाग | मंगळवार, सकाळी ६.५०

मी दिंडोरीकडचा. तुमचं निम्मं डोक्यावरून गेलं भो. माझ्याकडं एकच लॅपटॉप. त्यात फवारणीच्या नोंदी एक्सेलला, निर्यातीला माल द्यायचा तर त्या दाखवाव्या लागतात. पोरीचे फोटो. बाकी काही नाही. मी महिन्याला पेनड्राइव्हवर टाकतो. चालतंय का? अजून एक, परवा १ टीबीची डिस्क घेतली तर ती ९३१ जीबीच दाखवते. दुकानदारानं गंडवलं का?

रात्रपाळी

गंडवलं नाही, दादा. डिस्कवाले हजाराने मोजतात, विंडोज १०२४ने. माल तेवढाच, वजनकाटा वेगळा.

तुमचं काम सोपं आहे. पेनड्राइव्ह फाइल इकडून तिकडे न्यायला चांगला, सांभाळायला नाही. नवीन डिस्कवर फाइल हिस्टरी लावा. दर रविवारी डिस्क जोडा, तासभर राहू द्या, नीट इजेक्ट करून काढा. एक्सेलच्या नोंदी काही केबीच्या असतात, त्या गूगल ड्राइव्हवरही टाकून ठेवा. महिन्यातून एकदा ती एक्सेलची फाइल डिस्कवरून दुसऱ्याच्या कॉम्प्युटरवर उघडून बघा. आपल्याच लॅपटॉपवर उघडली तर कधीकधी आपण मूळचीच बघत असतो.

द्राक्षबाग

हे समजलं. सोसायटीत एक कॉम्प्युटर आहे, तिथं बघीन.

चिवडाप्रिय

एका मित्राने रोबोकॉपीची (विंडोजमधली फायली कॉपी करायची आज्ञा) एक ओळ दिली आहे, शेवटी "/एमआयआर" असं आहे. रोज रात्री आपोआप चालते. कसं आहे हे?

सातपूरकर

जपून! मिर म्हणजे मिरर, आरसा. मूळ जागी जे नाही ते बॅकअपमधूनही पुसतं. सोर्स आणि डेस्टिनेशन उलटं लिहिलंत तर रिकाम्या डिस्कचा आरसा तुमच्या डॉक्युमेंट्सवर. मी एकदा उलटं लिहिलं आहे, यापुढे विचारू नका.

सराफबाजार | मंगळवार, रात्री ११.०५

सगळं वाचलं. एक गोष्ट कुणीच काढली नाही म्हणून लिहितो. दुकान नदीच्या बाजूला, तळमजल्यावर. ऑगस्ट २०१६मध्ये गंगापूर धरणातून पाणी सोडलं आणि नदीतला दुतोंड्या मारुती (त्याच्यावरून आम्ही पुराची पातळी ओळखतो) बुडत चालला, तेव्हा आम्ही माल वर नेला, वह्या वर नेल्या. कॉम्प्युटर टेबलावर होता, तोही नेला. बॅकअपची डिस्क कुठे होती? टेबलाच्या सगळ्यात खालच्या खणात. आठवलं तेव्हा खणात गुडघाभर पाणी. त्या वेळी कॉम्प्युटर वाचला म्हणून निभावलं. २०१९ला पुन्हा पाणी आलं.

फोटोग्राफर पीटर क्रोग यांच्या नावाने ओळखला जातो तो ३-२-१चा नियम मी तेव्हा वाचला. फायलींच्या तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या माध्यमांवर, त्यातली एक दुसऱ्या जागी. बाहेरच्या लोकांना "दुसरी जागा" आग-चोरीसाठी लागते. आम्हाला नदीने शिकवलं.

माझी दुसरी डिस्क बहिणीकडे म्हसरूळला, दुसऱ्या मजल्यावर. एक तिच्याकडे, एक माझ्याकडे, राखीला आणि भाऊबीजेला अदलाबदल.

लेखणी_ताई

ही कल्पना फार आवडली. पण बहिणीच्या घरी पोरं खेळतात, गिऱ्हाइकांचे हिशेब त्यावर. पासवर्ड?

सराफबाजार

व्हेराक्रिप्टने कुलूप घातलंय. विंडोज प्रो असेल तर त्यातलंच कुलूप, बिटलॉकर, चालतो, होममध्ये बिटलॉकरची डिस्क उघडता येते पण नवीन बनवता येत नाही. पासवर्ड कागदावर, कागद बँकेच्या लॉकरात. डिस्कच्याच पिशवीत चिठ्ठी ठेवणारे पाहिलेत मी.

रात्रपाळी

यावरून, नव्या विंडोज ११ लॅपटॉपांत मायक्रोसॉफ्ट खात्याने लॉगिन केलं की डिस्क आपोआप एन्क्रिप्ट, म्हणजे कुलूपबंद, झालेली असू शकते. मदरबोर्ड गेला आणि डिस्क दुसरीकडे लावली तर ती ४८ आकडी रिकव्हरी की मागते. ती आपल्या खात्यात असते. आजच जाऊन बघा, लिहून ठेवा. त्या दिवशी शोधायला गेलात तर खात्याचाही पासवर्ड आठवत नसतो.

गोदाकाठी | तीन आठवड्यांनंतर

लॅबमधून डिस्क आली. खर्च विचारू नका, बायकोच्या म्हणीत भर पडली आहे.

डीवरचं बरंचसं निघालं. भाच्याच्या चेकडिस्कने फाउंड नावाचं फोल्डर करून त्यात टाकलेले तुकडे मात्र कशाचे ते कळत नाही. वडिलांच्या फायली आहेत, पण त्यातल्या निम्म्यांची नावं गेली, नुसते आकडे. आणि उघडल्यावर हे असं: रोमन अक्षरं, कंस, रुपयाची चिन्हं, उलटसुलट. फाइल खराब म्हणायची का?

लेखणी_ताई

थांबा थांबा, काही खराब नाही! मी वीस वर्षं डीटीपी केलं. तो श्रीलिपीचा फॉन्ट तुमच्या नव्या पीसीवर नाही एवढंच. युनिकोडच्या (आताची सगळीकडे चालणारी अक्षरपद्धत) आधीचे आपले फॉन्ट रोमन अक्षरांच्या जागेवर देवनागरी आकार बसवायचे. फॉन्ट नसेल तर कॉम्प्युटर खालची रोमन अक्षरंच दाखवणार. मजकूर निवडा, फॉन्टचं नाव काय दिसतं ते सांगा. जुन्या पीसीच्या सी ड्राइव्हवर विंडोजमधल्या फॉन्ट्सच्या फोल्डरात तो असणार, लॅबने सी दिलं असेल तर तिथून घ्या.

मिळाला की सगळं युनिकोडमध्ये बदलून घ्या, पण जोडाक्षरं आणि रफार डोळ्यांनी तपासा, कन्व्हर्टर तिथे घोळ घालतात. सोबत पीडीएफही करा. आणि मूळ फाइल टाकू नका.

गोदाकाठी | त्याच रात्री, १२.२०

ताई, फॉन्ट मिळाला.

पहिलीच आकडी फाइल उघडली ती पुरावरची निघाली. अण्णांनी, म्हणजे वडिलांनी, लिहिलंय की शाळेतल्या मुलांच्या वह्या त्यांनी गोणीत भरून माडीवर नेल्या आणि स्वतःच्या मात्र खालीच राहिल्या. मी इथेच थांबलो, बाकीचं उद्या दिवसा वाचेन.

दोन डिस्का मागवल्या आहेत. एक बहिणीकडे सिन्नरला जाईल. बायको विचारते आहे, भाऊबीजेला डिस्क दिली तर ती ओवाळणीत धरायची की वेगळी?

सराफबाजार

वेगळी. मी एकदा धरून बघितली आहे.